गोदूचा जायजा

१

केजला पाणी दोन तऱ्हेचं. घरामागच्या आडाचं खारट. त्यात धुणं धुवावं, भांडी घासावीत आणि नशिबाला बोलावं. पिण्याचं पाणी बारवेचं. बारव आमच्या दारापासून दोनशे दहा पावलांवर. मी मोजली होती. मोजायची सवय मला नगरच्या मुलींच्या शाळेनं लावली आणि काळजी करायची माझ्या आईनं. दोन्ही सवयी एका बाईत आल्या की ती मोजून मोजून काळजी करते.

रोज सकाळी दोन खेपा. गोदूजवळ बसायला सासूबाई असायच्या. त्या देवळात गेल्या तर हे असायचे. फसली तेराशे अडतीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीसच्या, उन्हाळ्यात दोन्ही आधार एकदम सुटले. सासूबाई थोरल्या नणंदेच्या बाळंतपणाला परळीला गेल्या आणि तहसील कचेरी सकाळची झाली. हे तिथं अहलकार, म्हणजे कारकून. उजाडताच हे बाहेर. घरात मी, दोन रिकामी भांडी आणि पाच वर्षांची गोदू.

तिला बरोबर न्यावं तर बारवेला कठडा नाही. एकदा नेली होती. मी पाणी शेंदत होते, तेवढ्यात तिनं काठावरून वाकून आतल्या कासवाला "अहो!" म्हणून हाक मारली. मी घागर टाकून तिला जी धरली ती घरी येईपर्यंत सोडली नाही. घागर मागाहून पाण्याला आलेल्या केशरबाईंनी आणून दिली. चेपलेली.

मग राहिला एकच प्रश्न. एका खेपेपुरती ती घरात एकटी राहील का? शाळेच्या पुस्तकात प्रत्येक गणिताचं उत्तर मागच्या पानावर असायचं. या गणिताला मागचं पानच नव्हतं.

२

आधी मी प्रयोग केला. गोदूला पाटावर बसवलं, "मी पाण्याला जाते, तू हलायचं नाहीस" असं सांगितलं, दार ओढलं आणि दाराबाहेरच उभी राहून शंभर मोजू लागले. बाविसावर आतून आवाज आला, "आई, दाराखालून तुझे पाय दिसतात."

मग यांना विचारलं.

"एकटी म्हणजे किती वेळ?" हे म्हणाले.

"एका खेपेचा. दोनशे दहा पावलं जाताना, दोनशे दहा येताना, शिवाय रांग."

"आमच्या कचेरीत साहेब दोन दिवस रजेवर गेला तरी कुणाला तरी जायजा देऊन जातो. खुर्ची कधी बेवारस राहत नाही."

जायजा म्हणजे कामाचा ताबा. एकानं यादी करून द्यायचा, दुसऱ्यानं मोजून घ्यायचा आणि खाली दस्तखत करायचं. आमच्या घरात हा शब्द मिठापेक्षा जास्त वापरला जायचा.

"अहो, पण मी जायजा देऊ कुणाला?"

"हे मात्र बघावं लागेल," म्हणाले आणि कूस बदलून घोरू लागले. कचेरीतही असंच होत असावं.

शेवटी भिंतीपलीकडच्या छबुबाईंना विचारलं. त्यांनी सात लेकरं वाढवली होती. मी एक वाढवताना वाळत चालले होते.

"पाच वरसाची हाय की!" छबुबाई म्हणाल्या. "माझी थोरली त्या वयात धाकल्याला काखंत घिऊन भाकरी थापत व्हती."

"पण एकटी कशी ठेवू?"

"एकटी कावून? चौकटीला सांगून जायाचं. मंग काय आमी लेकरं अशीच टाकून रानात गेलतो व्हय?" त्यांनी उजवा हात माझ्या दाराच्या चौकटीवर ठेवला. "असा हात ठिवायचा, लेकरू तुझ्या पदरात घालते म्हणायचं, कडी लावायची आन् जायाचं."

मला हसू फुटलं.

"हसा, वैनी. शिकलेल्या बायांना हसाया लई येतंय. आन् ऐका, माघारी आल्यावर..."

तेवढ्यात घरातून करपल्याचा वास आला. दूध! मी पळाले. दूध गेलं ते गेलंच, आणि छबुबाईंचं बोलणं अर्धवट राहिलं ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी चूल विझवली, विळी उंच फळीवर ठेवली, उखळावर पाटा ठेवला, आडाकडचं दार बंद केलं. गोदूला पाटावर बसवून हातात फुटाणे दिले. सकाळी तिनं केसांना हात लावू दिला नव्हता, त्यामुळे डोक्याचं घरटं झालं होतं. आल्यावर विंचरू, म्हटलं.

बाहेर येऊन चौकटीवर हात ठेवला. आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. शिकलेल्या बाईनं लाकडाशी बोलायचंच तर निदान शुद्ध बोलावं, असं वाटून म्हणाले, "मुलीकडे कृपया लक्ष असू द्यावे." मग वाटलं, इथल्या लाकडाला हे कळायचं नाही. म्हणून छबुबाईंचे शब्द पुन्हा म्हटले, "लेकरू तुझ्या पदरात घालते."

कडी लावली आणि निघाले. चालले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

बारवेवर छबुबाई माझ्यापुढं तिसऱ्या होत्या. केशरबाईंनी मला पुढं घातलं. "जाऊ द्या गं ह्यांना, जीव घरी ठिवून आल्यात."

परत आले. कडी जशीच्या तशी. चूल थंड, विळी फळीवर, पाटा उखळावर, गोदू पाटावर. एकही फुटाणा सांडलेला नाही. मी घागर उतरवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आपण उगाच घाबरत होतो, किती सोपं होतं हे, असं मनात आलं.

मग वेणी दिसली.

घट्ट, चोपून घातलेली, तेलानं चमकणारी. जवळ जाऊन पेड मोजले. चार होते. मला तिपेडीच येते, आणि तीही दुपारपर्यंत उसवते.

४

"गोदू, वेणी कुणी घातली?"

"तिनं."

"ती कोण?"

आमच्या शाळेतल्या बाई मागच्या बाकावरच्या मुलीकडं जशा पाहायच्या, तसं गोदूनं माझ्याकडं पाहिलं. "तूच सांगून गेलीस ना तिला?"

मी खाली बसले आणि बुद्धीला कामाला लावलं. छबुबाई आल्या असतील? त्या माझ्यापुढं रांगेत होत्या. दुसरी कुणी बाई? कडी बाहेरून लावलेली, आणि आडाकडच्या दाराचा अडसर जागच्या जागी. गोदूनं स्वतः? तिला अजून परकराच्या नाडीची गाठ मारता येत नाही. मग मीच सकाळी घातली आणि विसरले असेन. हे मला सगळ्यांत पटलं, कारण मी दूध विसरते. पण जी कला मुळात येत नाही ती विसरून कशी करता येईल, इथं बुद्धी अडली ती अडलीच.

दुपारी हे जेवायला आले. सगळं सांगितलं. यांनी वेणी हातात घेऊन कागद तपासावा तशी तपासली.

"काम चोख आहे. तिला म्हणावं, उद्यापासून शेंबूडही पुसत जा."

आणि मोठ्यानं हसले. मीही हसले. घर लहान होतं, हसणं सगळ्या भिंतींना ऐकू गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा गोदूचं नाक स्वच्छ होतं.

५

आता खरं ते लिहिते. त्या दिवशी मी ते सगळं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

कारण सोय होत होती. चार दिवसांत गोदूची नखं निघाली. शनिवारी मात्र काढली नाहीत. जी कुणी होती, तिला रीतभात होती. कानामागची मळाची रेघ गेली. आठव्या दिवशी गोदू जेवताना यांच्यासमोर म्हणू लागली, "एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा."

हे घास हातात धरून थांबले. औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. तो कचेरीत फक्त एका म्हाताऱ्या पेशकाराला येतो.

"तू शिकवलीस?" यांनी मला विचारलं. आवाजात इतका आदर लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता.

मला औटकी येत नाही. शाळेत ती शिकवली त्या आठवड्यात मला गोवर आला होता.

"हं," मी म्हणाले, आणि यांच्या ताटात आमटी वाढली.

त्यानंतर मी बारवेवर रेंगाळू लागले. मला केजला येऊन सहा वर्षं झाली होती, पण बायकांशी कधी धड दोन शब्द बोलले नव्हते. जीव सतत घराकडं. आता काठावर घागर टेकवून बसत असे. केशरबाई सुनेसमोर सासूच्या गोष्टी सांगायच्या, सून गेली की सुनेच्या. एकदा मी इतकी हसले की माझी रांगेतली पाळी तीनदा गेली.

"वैनी, लेकरू?" छबुबाईंनी विचारलं.

"आहे ना घरी," मी म्हणाले. "बसते आता."

६

चौदाव्या दिवशी गोदू जेवेना.

"पोट भरलंय."

"कशानं भरलं? सकाळपासून फुटाण्यांवर आहेस."

"माडगं खाल्लं. गरम गरम."

माडगं हुलग्याच्या पिठाचं करतात. आमच्या घरात हुलगे नाहीत. यांना त्यांची उष्णता होते. चूल सकाळी विझवलेली. मी गोदूचं तोंड हुंगलं. हुलगे, लसूण आणि जिऱ्याची फोडणी. फोडणी माझ्यापेक्षा चांगली होती.

दुपारी तिला घेऊन आडवी झाले. दारं बंद, उन्हाचा एकच कवडसा वरून जमिनीवर पडलेला. गोदू माझ्याकडं पाठ करून झोपली. मला डुलकी लागत होती, तेवढ्यात थोपटल्याचा आवाज येऊ लागला. थप, थप. थांबून थप. सावकाश, घाई नसलेल्या हाताचा.

बरं वाटलं. आपण किती मायेनं थोपटतो आहोत, असं मनात आलं.

मग माझे हात कुठं आहेत ते मी पाहिलं. एक माझ्याच डोक्याखाली होता. दुसरा हातपंख्यावर.

थप, थप.

उंदीर असेल, म्हटलं. उंदीर तालात थोपटत नाही. माझं काळीज असेल. पण ते त्या वेळी याच्या दुप्पट वेगानं चाललं होतं. गोदूच्या पलीकडं, भिंतीच्या बाजूला, वाकळेला एवढासा खळगा पडत होता आणि भरून येत होता.

मी घरात होते. कडी आतून लावलेली होती. मी कुणाच्या पदरात काही घातलं नव्हतं. मग ही आता इथं कशी?

मी हळूच गोदूला आपल्याकडं ओढलं. थोपटणं थांबलं. गोदू झोपेतच वळली आणि परत तिकडं सरकली.

७

सतराव्या दिवशी मी ठरवलं, आज जायचंच नाही. घागर पालथी घालून बसले.

"आई, तू पाण्याला जा ना," गोदू म्हणाली.

"आज नको. आज आपण दोघी खेळू."

"जा गं. तू असलीस की ती बोलत न्हाई."

"नाही म्हणावं, न्हाई नव्हे," मी सवयीनं म्हणाले. मग विचारलं, "मी नसताना काय बोलते?"

"पाढे. गोष्टी." गोदू फुटाण्याची साल काढत होती. "काल विचारत व्हती, ही रोज पाणी घेऊन येती ती बाई कोण?"

मी तिच्याकडं सरकले.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, ती पाण्याची बाई हाय. ती बरी हाय. ऱ्हाऊ दे तिला."

एवढी शिफारस माझ्यासाठी आजवर कुणी केली नव्हती. मी घागर उचलली, चौकटीला हात लावून नेहमीचं बोलले, कडी लावली आणि बारवेकडं न जाता छबुबाईंच्या दारात गेले.

"छबुबाई, तुमच्या माळवदावर जाऊ का?"

"जा की. पर माझे सांडगे वाळू घातलेत, ते तुडवू नका."

८

इथल्या घरांना मातीचं सपाट छत असतं, ते माळवद. त्याला उजेडासाठी हातभर भोक ठेवतात. त्याला साणं म्हणतात. छबुबाईंचं माळवद आणि आमचं एकमेकांना लागूनच. मी सांडगे ओलांडले, आमच्या साण्याशी पालथी पडले आणि आत डोकावले.

खाली उन्हाचा कवडसा, त्यात धुळीचे कण. कवडशाच्या कडेला गोदू. पाटावर नव्हती. जमिनीवर पाय पसरून मागं रेलली होती, आईच्या मांडीत बसून मूल रेलतं तशी. मागं भिंत नव्हती. काहीच नव्हतं. तिची पाठ तिरकी, मान सैल, चेहरा अगदी सुखात.

तिचे केस चार पेडांत वर ताणलेले होते. एक पेड दुसऱ्यावरून जात होता, तिसऱ्याखालून निघत होता.

मी डोळे मिटले, दहा मोजले आणि उघडले. शाळेत सांगायचे, निरीक्षण दोनदा करावं. पेड चालूच होते.

मग ते थांबले.

गोदूनं वर पाहिलं नाही. पण केसांचे चारही पेड सैल होऊन तिच्या खांद्यांवर पडले आणि साण्यातला उजेड गेला. ढग आला म्हणून नव्हे. माझ्या पाठीवर ऊन तसंच भाजत होतं. आतून कुणीतरी साण्यावर हात ठेवला होता. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर मला रेषा दिसल्या. तळहाताच्या. बारवेच्या पायऱ्यांना असाव्यात इतक्या जुन्या आणि झिजलेल्या.

आणि तो हात गरम होता. तेलाचा वास येत होता.

मी मागं सरकले, उठले, पळाले आणि छबुबाईंच्या सांडग्यांत पडले.

९

"सांगितलं व्हतं ना, माझे सांडगे!" छबुबाई जिन्यावरूनच ओरडल्या. मग माझा चेहरा पाहून वर आल्या. मला खाली नेलं, पाणी पाजलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"माघारी आल्यावर काय म्हनता?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणायचं? काही नाही. घागर उतरवते."

"आन् हात?"

"कुठला हात?"

छबुबाईंनी कपाळावर मारून घेतला तो हात. "अवो वैनी! आल्यावर चौकटीला हात लावून, आले गं, माझं मला दे, असं म्हनायचं असतंय! मी सांगत व्हते, तर तुमी दुधामागं पळालात. दिलं रोज, आन् माघारी घेतलं कुनी?"

तो शुक्रवार, निजामाच्या कचेरीला सुट्टी. हे चावडीवरून परत येत होते, त्यांना छबुबाईंनी दारातच अडवून सगळं सांगितलं. यांनी वेणी, पाढे, माडगं, हात हे सगळं समजूतदारपणे कानाआड केलं. फक्त एका गोष्टीवर यांचा चेहरा उतरला.

"जायजा दिलास आणि परत घेतला नाहीस?" हे म्हणाले. "सतरा दिवस?"

"मला कुठं माहीत होतं?"

"अगं, मग कायद्यानं मुलगी तुझ्या ताब्यात नाहीच!"

त्या क्षणी मला रडू कोसळलं. हे वेड्यासारखं बोलत होते, पण सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी तंतोतंत खरं बोललं होतं.

१०

मी कडी काढली. दार उघडलं. गोदू आत पाटावर बसली होती, वेणी पूर्ण झालेली. माझ्यामागं हे उभे होते, यांच्यामागं छबुबाई.

चौकटीवर हात ठेवला. लाकूड उबदार होतं.

"आले गं. माझं मला दे."

काही झालं नाही. गोदूनं मान कलती केली, कुणी कानात बोलावं तशी.

"ती म्हणते, कशावरून तुझं?"

"बरोबर आहे," मागून हे पुटपुटले. "पुरावा मागणारच."

"तुम्ही गप्प बसता का?" मी म्हणाले आणि पुन्हा चौकटीकडं वळले. "मी हिला नऊ महिने पोटात वागवलं."

गोदूनं ऐकलं. "ती म्हणते, ते झालं जुनं. चौपेडी येते का?"

"नाही."

"औटकी?"

यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. "नाही."

"माडगं?"

"येतं. गुठळ्या होतात."

आतल्या खोलीत अंधार जरा दाट झाल्यासारखा वाटला. गोदू दारापासून पाच पावलांवर होती, पण ती पाच पावलं मला मोजवत नव्हती. उंबऱ्यावर पाय ठेवायला गेले तर पाय पुढं जाईना. रेटलं नव्हतं कुणी, फक्त जागा नव्हती. कुणीतरी दारात उभं असलं की नसते, तशी.

गोदू पुन्हा ऐकू लागली. या वेळी तिचा चेहरा बारीक झाला. तिनं ते शब्द आपल्या मनानं रचले नसतील. पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडात ते मोठे होते.

"ती म्हणते, मी हिला एकदाबी एकटं सोडलं न्हाई. तू?"

खोटं बोलावं तर हिला सगळं ठाऊक. माझ्या घरात हीच एक जण अशी होती, जिनं माझा प्रत्येक दिवस मोजला होता.

"मी सोडलं," मी म्हणाले. "रोज दोनदा सोडलं. नंतर नंतर तर हसत बसले तिकडं. वेणी मला येत नाही, पाढा येत नाही. पण रोज दोनदा परत आले. एवढंच येतं मला. तू कुठं जात नाहीस, म्हणून तुला परत येता येत नाही. ते मीच करायला हवं. दे माझी."

छबुबाईंचा श्वास ऐकू येत होता.

मग गोदू उठली. खरं तर उठली नाही. ती आधी थोडी वर गेली आणि मग तिचे पाय जमिनीला लागले. कडेवरून मूल खाली ठेवावं तसे, एक आधी, दुसरा मग. ती दाराकडं चालत आली. चालता चालता वेणीचे पेड एकेक करून सुटत गेले. उंबऱ्याशी आली तेव्हा डोक्याचं पुन्हा घरटं झालं होतं.

मी तिला उचलून इतकं आवळलं की ती म्हणाली, "आई, फुटाणे सांडले."

"रसीद?" हे हळूच म्हणाले. "काही लेखी..."

"गप बसा, मोहनराव," छबुबाई म्हणाल्या.

११

दुसऱ्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी घागर घेतली आणि गोदूचा हात धरला. कळशी घरी ठेवली. एक हात पाण्याला, एक हात मुलीला. दोनाच्या चार खेपा झाल्या तरी चालतील, असं मी रात्रीच ठरवलं होतं. मूल एकटं कधी ठेवावं, या गणिताचं माझं उत्तर तयार होतं. लग्न होऊन सासरी गेल्यावर.

चौकटीला हात लावला नाही. काही बोलले नाही. कडी लावली आणि दोघी निघालो.

बारवेवर बायकांनी गोदूला मध्ये घेतलं. केशरबाईंनी तिला गूळ दिला, कासव दाखवलं. मी तिच्या परकराचं टोक मनगटाला बांधून घेतलं होतं, त्यावर सगळ्याजणी पोट धरून हसल्या. मला राग आला नाही. ऊन कोवळं होतं, घागर भरली होती आणि मुलगी माझ्या हातात होती.

"आई, चल ना," गोदू म्हणाली.

"जाऊ गं. जरा थांब."

"लई वेळ झाला. ती आत एकटी हाय."

मी घागर डोक्यावर चढवली. येताना मी चालले, असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

दाराशी आलो. कडी जशीच्या तशी. मी कडीला हात घातला, तेवढ्यात गोदूनं माझा पदर ओढला.

"थांब," ती कुजबुजली. "डोळे पुसू दे तिला."

मी हात मागं घेतला. डोक्यावर घागर, मनगटाला मुलगी, अशी मी माझ्याच घराबाहेर उभी राहिले. आत कुणीतरी नाक ओढलं. मग पदर झटकल्यासारखा आवाज झाला.

"आता उघड," गोदू म्हणाली.